एका गावाची वाइन : ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या संस्थेचा इतिहास

1894 पर्यंत बार्बारेस्को हे गावाचे नाव होते, वाइनचे नव्हते. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळ, तानारो नदीच्या उजव्या काठावरच्या टेकडीवर हे गाव वसले आहे. एक जुना मनोरा, एक चर्च, मनोऱ्याकडे जाणारा लांबट रस्ता आणि आजही सहा-सातशेच्या आसपास वस्ती. भोवतालच्या उतारांवर नेब्बिओलो जातीची काळी द्राक्षे पूर्वापार पिकत होती आणि चांगली पिकत होती. पण ती एकतर शेजारच्या बारोलोच्या वाइनमध्ये जात, नाहीतर ‘नेब्बिओलो दि बार्बारेस्को’ अशा मोघम नावाने विकली जात. बारोलोच्या पाठीशी राजघराणे आणि मोठे जमीनदार होते, त्यामुळे तिथल्या वाइनला नाव आधीच मिळाले होते. बार्बारेस्कोकडे होते ते तुकड्यातुकड्यांत जमीन असलेले शेतकरी.

हे चित्र बदलायला घेतले ते बाहेरून आलेल्या एका माणसाने. दोमित्सिओ काव्हात्सा मूळचे मोडेना भागातले, कृषितज्ज्ञ. 1881 मध्ये आल्बाला सरकारी वाइनशाळा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. वय होते पंचविशीच्या आसपास. शिकवता शिकवता ते त्या टेकड्यांत रमले. बार्बारेस्को गावातला किल्लेवजा वाडा आणि त्याची जमीन त्यांनी विकत घेतली. शाळेत वाइन शिकवणारा माणूस गावात स्वतः मळेवाला झाला, हे या इतिहासात महत्त्वाचे आहे. इथली द्राक्षे बारोलोपेक्षा थोडी आधी पिकतात, त्यांची वाइन थोडी लवकर निवळते आणि तिचा स्वभाव निराळा आहे, हे त्यांना तळघरात बसून कळले. 1894 मध्ये त्यांनी गावातल्या नऊ मळेमालकांना एकत्र आणून ‘कांतिने सोचाली’ ही सहकारी संस्था काढली. त्याच वाड्यात वाइन होऊ लागली आणि गावाचे नाव वाइनला मिळाले. हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा यायला तेव्हा आणखी दहा वर्षे होती.

काव्हात्सा 1913 मध्ये वारले. मागोमाग महायुद्ध आले, आणि 1920 च्या दशकात फॅसिस्ट राजवटीच्या आर्थिक धोरणांत ही संस्था बंद पडली. पुढची तीसेक वर्षे शेतकरी पुन्हा जिथल्या तिथे गेले. माल तोडायचा, आल्ब्याच्या बाजारात न्यायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. द्राक्ष हा माल असा की संध्याकाळी परत घरी नेता येत नाही, हे नाशिक-सांगलीच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

बार्बारेस्कोभोवतीचा लांगे टेकड्यांचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा मुलूख आजच्या पर्यटकाला ओळखू येणार नाही. आल्ब्याचेच लेखक बेप्पे फेनोलियो यांची 1954 ची ‘ला मालोरा’ ही छोटी कादंबरी याच भागातल्या दारिद्र्याची आहे. तरुण मुले तोरिनोला फियाटच्या कारखान्यात निघाली होती. आल्ब्यात 1946 मध्ये फेरेरोचा मिठाई-चॉकलेटचा कारखाना सुरू झाला. त्याने टेकड्यांवरच्या गावांतून कामगारांसाठी बसगाड्या चालवल्या, म्हणून काही कुटुंबे दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात शेती अशी टिकून राहिली. या मुलखात वाइन वाचली, त्यात चॉकलेटचाही वाटा आहे असे मला वाटते. वाइनवरच्या पुस्तकांत मात्र त्याला सहसा दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही.

अशा वेळी, 1958 मध्ये, गावचे धर्मगुरू फादर फिओरिनो मारेंगो यांनी एकोणीस छोट्या शेतकऱ्यांना एकत्र बसवले. गाव रिकामे होऊ द्यायचे नसेल तर शेतीत पैसा राहिला पाहिजे, आणि पैसा राहायचा असेल तर द्राक्षे न विकता वाइन विकली पाहिजे, असा साधा हिशेब होता. संस्थेचे नाव ठरले ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’, म्हणजे बार्बारेस्कोचे उत्पादक. नावात ना संत, ना संस्थापक. जागा नव्हती, म्हणून पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. नंतर चौकाच्या पलीकडे, चर्चसमोरच, संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. आजही संस्था तिथेच आहे.

या स्मरणिकेत साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संघांच्या पंगतीत एका परदेशी वाइन संस्थेला बसवण्याचे कारण पुढच्या दोन-तीन निर्णयांत आहे. पहिला निर्णय नियमाचा. सभासदाने आपली सगळी नेब्बिओलो द्राक्षे संस्थेलाच घालायची. चांगला माल बाहेरच्या व्यापाऱ्याला आणि उरलासुरला संस्थेला, ही वाट पहिल्यापासून बंद. सहकारातल्या किती संस्था याच वाटेने बुडाल्या, याची यादी इथे देत नाही. प्रत्येक तालुक्याची आपापली आहे. दुसरा निर्णय त्याहून धाडसाचा: संस्था फक्त नेब्बिओलोची वाइन करते. सभासदाच्या शेतात दोल्चेत्तो, बार्बेरा अशा दुसऱ्या जातींची द्राक्षे असतील, तर त्यांची विल्हेवाट त्याने आपली आपण लावायची. इटलीतल्या बहुतेक सहकारी वाइनऱ्या उलट चालतात. देशातली निम्म्याच्या आसपास वाइन सहकारी संस्था करतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पडेल त्या जातीचा, पडेल तेवढा माल घेऊन ठोक भावाची वाइन काढतात. बार्बारेस्कोच्या शेतकऱ्यांनी एकाच जातीवर सगळे लावले, आणि जातही कशी? लवकर फुटणारी, ऑक्टोबर उजाडेपर्यंत न पिकणारी, गारपीट आणि पाऊस दोन्ही अंगावर घेणारी.

तिसरा निर्णय पैशाचा. हंगामात सभासदाचा ट्रॅक्टर दारात आला की त्याच्या मालाची तपासणी होते. साखरेचे प्रमाण पाहिले जाते. अलीकडच्या काळात रंग आणि तुरटपणा देणाऱ्या घटकांचीही नोंद होते. त्यावर त्याचा दर ठरतो. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. ज्याने मेहनतीने गोड ऊस आणला आणि ज्याने पाणी पाजून वजन वाढवले, दोघांनाही टनामागे सारखाच भाव. लाखो टनांच्या गाळपात त्याला पर्याय अवघड असेलही. पण त्यामुळे चांगले पिकवणाऱ्याला चांगले पिकवण्याचे कारण उरत नाही, हेही खरे. बार्बारेस्कोत कारण ठेवले गेले. जमीन ज्याची त्याची, कष्ट ज्याचे त्याचे, आणि मोजमापही ज्याचे त्याचे. सामायिक आहे ते फक्त तळघर आणि नाव.

सुरुवातीची व्यवस्था चेलेस्तिनो व्हाक्का यांनी पाहिली. पुढे त्यांचे चिरंजीव आल्दो व्हाक्का व्यवस्थापक झाले. त्याआधी त्यांनी गावातल्याच प्रसिद्ध गाया घराण्याच्या वाइनरीत काम केले होते. वाइन करण्याची जबाबदारी बराच काळ जान्नी तेस्ता यांच्याकडे होती. इतक्या वर्षांत इतकी थोडी नावे, यावरून संस्थेचा स्वभाव कळावा.

1966 मध्ये बार्बारेस्कोला सरकारी नामसंरक्षण मिळाले आणि त्याची हद्द कायद्यात बसली: बार्बारेस्को, नेइव्हे, त्रेइझो आणि आल्ब्याचा एक तुकडा. पुढच्याच, 1967 च्या हंगामात संस्थेने ज्या गोष्टीमुळे ती जगभर ओळखली जाते ती केली. निवडक शिवारांची द्राक्षे सरसकट मिसळून न टाकता वेगळी आंबवली, वेगळ्या पिंपांत ठेवली आणि शिवाराच्या नावानिशी बाटलीत भरली. फ्रान्समध्ये बर्गंडीत ही रीत जुनी होती. पिएमोंतेत नुकती सुरू झाली होती. शेजारच्या नेइव्ह्यात ब्रुनो जाकोझा यांनी 1964 ला ‘सांतो स्तेफानो’ वेगळी भरली होती, आणि आंजेलो गाया यांची ‘सोरी सान लोरेंत्सो’ 1967 चीच. म्हणजे गावातला सर्वांत नामवंत खासगी मालक आणि गावातली छोट्या शेतकऱ्यांची सोसायटी, दोघांनी एकाच वर्षी एकच गोष्ट केली. एकाच्या बाटलीची किंमत पुढे कुठल्या कुठे गेली, दुसरी मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या आसपास राहिली. चवीतले अंतर किमतीतल्या अंतराइतके नाही, असे माझे मत; गाया यांचे चाहते ते मान्य करणार नाहीत.

वेगळी भरली जाणारी शिवारे आज नऊ आहेत: आझिली, राबाया, पोरा, मोंतेस्तेफानो, ओव्हेल्लो, पाये, मोंतेफिको, मोक्कागात्ता (आता लेबलावर तिथल्या बोलीतले ‘मुंकागोता’) आणि रिओ सोर्दो. नऊच्या नऊ बार्बारेस्को गावाच्याच हद्दीत. या बाटल्यांना ‘रिझर्वा’ म्हणतात. बाटलीच्या मागच्या लेबलावर त्या शिवारात ज्या कुटुंबांचे मळे आहेत त्यांची नावे छापलेली असतात. सहकारी संस्थेच्या मालावर पिकवणाऱ्याचे नाव! आपल्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, ऊस कुणाचा होता ते कुणी लिहीत नाही, आणि लिहिता येण्यासारखेही नसते.

सहकार म्हणजे सरासरी, हा आरोप जुना आहे. चांगल्याचे वाईटात मिसळून मधले काहीतरी करायचे आणि सगळ्यांना सारखे वाटायचे. प्रोदुत्तोरीने या आरोपाला नऊ उत्तरे दिली, आणि वाइनचे रसिक त्या नवांवरच फिदा असतात. पण संस्थेचे खरे काम त्या नऊ बाटल्यांत नाही, दहाव्या साध्या बाटलीत आहे, असे मी म्हणेन. तिच्यावर नुसते ‘बार्बारेस्को’ एवढेच लिहिलेले असते. तिच्यात सगळीकडची द्राक्षे एकत्र. ज्या वर्षी हवामान रुसते त्या वर्षी संस्था रिझर्वा काढतच नाही. 2002 चा पावसाळी हंगाम घ्या. आझिली आणि राबाया ही जगात मागणी असलेली शिवारे. त्यांचा सगळा माल त्या वर्षी साध्या बाटलीत गेला. ज्या कुटुंबाचे नाव मागच्या लेबलावर आले असते, ते त्या वर्षी आले नाही. चांगल्या शिवारांचा माल असा मिसळल्याने पडत्या वर्षातली साधी बाटली अनेकदा अपेक्षेपेक्षा बरी निघते. खासगी मालक एकटा असल्याने असा निर्णय एका सकाळी घेऊ शकतो. इथे पन्नास घरांनी तो मान्य करायचा असतो.

होय, पन्नास. एकोणिसांचे आता पन्नासच्या वर सभासद झाले आहेत. सगळ्यांची मिळून शंभर हेक्टरांवर नेब्बिओलो, म्हणजे घरटी साधारण पाच एकर. बार्बारेस्कोच्या एकूण क्षेत्रातला हा सहावा-सातवा हिस्सा. वर्षाला पाच लाखांच्या आसपास बाटल्या निघतात, त्यांत तरुण मळ्यांच्या मालाची ‘लांगे नेब्बिओलो’ ही लवकर प्यायची वाइनही आली.

1980 मध्ये बार्बारेस्कोला नामसंरक्षणाचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. 1986 मध्ये पिएमोंतेत मिथेनॉलचे प्रकरण घडले. भेसळीच्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे मेली आणि सगळ्या इटालियन वाइनचेच नाव गेले. त्यानंतरच्या दशकात लांगेतल्या तरुण उत्पादकांनी नवी रीत धरली: कमी दिवस आंबवायचे आणि नव्या, छोट्या फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवायचे, म्हणजे वाइन गडद, मऊ आणि लवकर विकण्याजोगी होते. अमेरिकी समीक्षकांनी भरभरून गुण दिले. प्रोदुत्तोरी मात्र जुन्याच रीतीवर राहिली. साली आणि रस तीनेक आठवडे एकत्र, मग हजारो लिटरच्या मोठ्या जुन्या ओकच्या पिंपांत दोन-तीन वर्षे. याचे श्रेय दूरदृष्टीला देतात. मला वाटते, थोडे श्रेय सहकाराच्या संथपणालाही द्यावे. पन्नास घरांचे एकमत व्हायला इतका वेळ लागतो की तोवर फॅशन बदलून जाते. झालेही तसेच, छोटी पिंपे आणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुढे मोठ्या पिंपांकडे परतले.

आता बाटलीकडे. संस्थेचा इतिहास लिहिताना अहवाल आणि ताळेबंद पाहतात. इथे जुन्या बाटल्या उघडूनही पाहता येतात, आणि त्यांत खोटा ताळेबंद लपवता येत नाही. कायद्याने साध्या बार्बारेस्कोला 26 महिने आणि रिझर्वाला 50 महिने मुरवावे लागते. पण ती विकण्याची अट झाली. नेब्बिओलो खऱ्या अर्थाने उलगडते ती दहाव्या वर्षानंतर, रिझर्वा पंधरा-वीस वर्षांनी, आणि 1971, 1978, 1982, 1989, 1996 यांसारख्या वर्षांची बाटली नीट जपलेली असेल तर तिसाव्या-चाळिसाव्या वर्षीही ताठ उभी असते.

पहिल्यांदा चाखणाऱ्याची फसगत रंगाने होते. तांबडी वाइन म्हणजे गडद जांभळी, अशी सवय असते. नेब्बिओलो तरुणपणीही फिकी माणकासारखी दिसते आणि वयाबरोबर पेल्याच्या कडेला वीटकरी, मग नारिंगी झाक येते. वाइन गेली असे वाटते. घोट घेतला की तुरटपणा दातांवर आणि हिरड्यांवर असा चढतो की रंगावरून केलेला सगळा अंदाज फसतो. नव्या रिझर्वाचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जीभ ओढून धरणारा. वीस वर्षांत तो संपत नाही, विरघळतो. राहतो तो कणा. आंबटपणा शेवटपर्यंत जागा असतो, आणि म्हणूनच ही वाइन म्हातारी झाली तरी मरगळत नाही. वासात तरुणपणी गुलाब आणि लाल फळे. पुढे सुकलेल्या गुलाबपाकळ्या, डांबर, ज्येष्ठमध, तंबाखू, पालापाचोळ्याची ओल. डांबर आणि गुलाब एकाच पेल्यात ऐकून पहिल्यांदा हसू येते. एकदा वास घेतल्यावर येत नाही.

जुन्या बाटलीला घाई चालत नाही. उघडण्याआधी एक-दोन दिवस ती उभी ठेवायची, म्हणजे साका तळाशी बसतो. बूच चाळीस वर्षांचे असेल तर तुटणारच, हळूहळू काढायचे. मग एका बाजूला दिवा किंवा मेणबत्ती ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि गाळ मानेपर्यंत आला की थांबायचे. उघडल्या उघडल्या वाइन अनेकदा गप्प असते, कधी कोंदट वासही येतो. अर्ध्या तासाने, तासाने ती बोलू लागते. फार जुन्या बाटलीला मात्र जास्त वेळ हवेत ठेवू नये. जे आहे ते निसटते. सोबत जेवण हवेच. या भागात अंड्याच्या पिवळ्याच्या बारीक शेवया, वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेले गोमांस, मुरलेले चीज, आणि शरद ऋतूत आल्ब्याच्या पांढऱ्या ट्रफलचा कीस. नुसती पिऊन या वाइनवर मत देऊ नये. आपल्याकडे चाखायची झाली तर मोसमाच्या उकाड्यात खोलीच्या तापमानाला ठेवण्याचा इटालियन सल्ला पाळू नये. अठरा अंशांच्या वर ही वाइन नुसती दारूसारखी लागते.

वर्षांचे स्वभावही निरनिराळे. 1978 कडक, अनेक वर्षे मिटलेली राहिली. 1985 मोकळी, लवकर आवडणारी. 1989 आणि 1990 एकापाठोपाठ चांगली, पहिली अधिक घडीव, दुसरी अधिक उबदार. 1996 आंबटपणा आणि तुरटपणा दोन्हींनी भरलेली, संयमाची परीक्षा पाहणारी. 1997 ची त्या वेळी वाहवा झाली, पण उष्ण हंगामाची ती वाइन 1996 च्या आधीच थकली. 2001 आणि 2004 ज्यांनी जपून ठेवल्या त्यांच्या आता कामाला येताहेत.

अलीकडे हंगाम तापत चालले आहेत. एके काळी नेब्बिओलो पिकेल की नाही ही चिंता असे, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांना मान होता. आता जास्त पिकेल ही चिंता आहे. 2007 मध्ये शिवारांची नावे आणि हद्दी सरकारी नोंदीत पक्क्या झाल्या, 2014 मध्ये युनेस्कोने या टेकड्या जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, आणि जमिनीचे भाव अशा पातळीला गेले की पाच एकरांच्या मालकाला शेती करण्यापेक्षा विकणे फायद्याचे ठरावे. 1958 ची अडचण अशी होती की शेती सोडावी इतकी गरिबी होती. आजची अडचण उलट बाजूने तिथेच येते. तरी सभासद कमी झालेले नाहीत.

कुणाला नऊ रिझर्वा एका वर्षाच्या शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या असतील, तर क्रम महत्त्वाचा. पोरा नदीजवळची, सर्वांत लवकर मऊ होणारी, तिच्यापासून सुरू करावे. मग रिओ सोर्दो आणि आझिली; आझिलीत फुलांचा वास आणि तुरटपणाची बारीक वीण सर्वांत नाजूक. पाये आंबटाकडे झुकणारी, ओव्हेल्लो उत्तरेकडची, टवटवीत. मोक्कागात्ता त्यांच्यामागून. राबायात सगळे थोडे थोडे आणि सगळे पुरेसे. मोंतेफिको आणि मोंतेस्तेफानो शेवटी, कारण चुनखडीच्या जमिनीतल्या या दोन वाइनचा ताठा एवढा की त्यांच्यानंतर आझिली पाण्यासारखी लागेल. आणि या नवांच्या आधी, कोऱ्या जिभेवर, त्याच वर्षाची साधी बार्बारेस्को घ्यावी.